८*१० ची पिशवी ८१० कशी झाली? छोट्या उद्योजकासाठी मार्कडाउन



आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, "सर, हे तर कॉम्प्युटरवाल्या पोरांचं काम. आपण पिशव्या शिवतो, मोसंबी विकतो, आपल्याला काय करायचंय?" मलाही तसंच वाटायचं. मग आमच्याच एका बॅचमध्ये तीनशे पिशव्या वाया जायची वेळ आली, आणि त्यात चूक माझी होती. म्हणून आधी तो किस्सा.

अंबड तालुक्यातल्या एक ताई बचत गटातर्फे कापडी पिशव्या शिवतात. किराणावाले, बियाणं-खतांची दुकानं, साडीचं दुकान असे त्यांचे कस्टमर. दरपत्रक त्या फोनवर टाइप करून व्हॉट्सॲपला पाठवायच्या. अगदी साधं:

८*१० – १२ रुपये
१०*१२ – १५ रुपये
१२*१४ – २० रुपये

गुणाकाराचं चिन्ह म्हणून स्टार. आपण सगळेच असं लिहितो. व्हॉट्सॲपवर ते दिसायचंही बरोबर. मग मीच त्यांना म्हणालो, "ताई, तुमचं एक वेब पान असू द्या. लिंक पाठवली की काम झालं." बॅचमधल्या एका इंजिनिअरिंगच्या मुलानं फुकटात पान तयार करून दिलं. त्याचा मजकूर मार्कडाउन नावाच्या पद्धतीनं लिहायचा होता. मी व्हॉट्सॲपवरचं दरपत्रक उचललं, तसंच्या तसं तिथं पेस्ट केलं आणि लिंक पाठवून मोकळा झालो. पान उघडून बघितलं नाही.

पानावर काय आलं होतं? हे:

८१० – १२ रुपये १०१२ – १५ रुपये १२*१४ – २० रुपये

तीन ओळींची एक ओळ झाली होती. पहिल्या दोन मापांतले स्टार गायब झाले होते आणि मधला मजकूर तिरका झाला होता. साडीच्या दुकानदारानं ते फोनवर बघितलं. त्याला वाटलं, ८१० हा पिशवीचा नंबर असेल, चपलेचा असतो तसा. बारा रुपयांत साडीची पिशवी म्हणजे स्वस्तच. त्यानं फोन केला, "ती ८१० वाली तीनशे पाठवा." ताईंना अर्थ बरोबर लागला, आठ बाय दहा. गटातल्या बायकांनी रात्री जागून तीनशे शिवल्या. माल पोचला, आणि साडीची घडी काही त्या पिशवीत जाईना.

माल परत आला. ३,६०० रुपयांची ऑर्डर. मोठ्या कंपनीला हा आकडा दिसणारही नाही, पण गटाच्या त्या महिन्याच्या कापडाचे पैसे त्यात अडकले होते. दुकानदाराची चूक नव्हती आणि ताईंचीही नव्हती. एक चिन्ह होतं. व्हॉट्सॲपनं त्याचा एक अर्थ लावला, वेब पानानं दुसरा. ते मला माहीत नव्हतं.

मग हे मार्कडाउन आहे तरी काय?

जुन्या छापखान्याची पद्धत आठवा. हस्तलिखितातल्या शब्दाखाली नागमोडी रेघ ओढली की जुळारी समजायचा, हा शब्द ठळक टाइपात घ्यायचा. रेघ छापली जात नाही, ती छापणाऱ्यासाठी असलेली खूण असते. मार्कडाउन म्हणजे अशाच खुणा, फक्त कीबोर्डवरच्या चिन्हांनी केलेल्या. कागद तुमचा साधा, त्यावर मोजक्या खुणा, आणि समोरचं सॉफ्टवेअर त्या खुणा वाचून मजकूर नीटनेटका दाखवतं.

ही पद्धत अमेरिकेतल्या जॉन ग्रुबर यांनी २००४ साली आणली. ॲरन स्वार्ट्झ या मुलानं त्यांना मदत केली होती, तेव्हा तो १७ वर्षांचा होता. त्याआधी वेब पानासाठी एचटीएमएल लिहावं लागायचं, ज्याला 'मार्कअप' म्हणतात. कंसांचं जंगल असतं ते, उघडलं की डोकं फिरतं. ग्रुबर यांचं म्हणणं असं की खुणा असलेला मजकूर कच्च्या रूपातही वाचता आला पाहिजे. लोक ई-मेलमध्ये आपोआपच शब्दाच्या दोन्ही बाजूंना स्टार लावत होते, यादीपुढे डॅश देत होते. त्याच सवयी त्यांनी नियमात बसवल्या. 'मार्कअप'च्या उलट म्हणून नाव 'मार्कडाउन'. (दुकानदारीत मार्कडाउन म्हणजे माल खपावा म्हणून दर उतरवणं. तो अर्थही ध्यानात ठेवा, पुढे कामाला येतो.)

तुम्ही म्हणाल, आम्ही तर हे कधी वापरलंच नाही. वापरलंय! व्हॉट्सॲपवर दोन स्टारांच्या मध्ये शब्द लिहून तो ठळक केलाय ना? ते मार्कडाउनचंच चुलत भावंड. व्हॉट्सॲपनं ही सोय २०१६ मध्ये आणली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यात टिंबांची यादी, आकड्यांची यादी आणि अवतरण यांची भर घातली. मराठी विकिपीडिया २००३ पासून चालू आहे, तिथंही लेख अशाच खुणांनी लिहितात. फक्त खुणा वेगळ्या: ठळक शब्दासाठी दोन्ही बाजूंना तीन-तीन एकेरी अवतरणचिन्हं, शीर्षकासाठी दोन-दोन बरोबरची चिन्हं.

म्हणजे घराणं एकच, पण प्रत्येक घरची रीत वेगळी. ताईंची पिशवी नेमकी इथंच अडकली.

शिकायचं किती? अर्धा तास

कागद घ्या आणि लिहून घ्या. ओळीच्या सुरुवातीला # आणि एक जागा सोडली की मोठं शीर्षक. ## केलं की त्याहून लहान. शब्दाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन स्टार म्हणजे ठळक, एक-एक स्टार म्हणजे तिरका. ओळीच्या सुरुवातीला डॅश आणि जागा म्हणजे यादी. आकडा, टिंब आणि जागा म्हणजे क्रमांकाची यादी. > म्हणजे अवतरण. रोजच्या कामाचं ऐंशी टक्के इथंच उरकतं. लिंक आणि फोटोच्या खुणाही आहेत, त्या गरज पडेल तेव्हा बघा, आत्ता डोक्यावर ओझं नको.

आता ताईंच्या कोड्याचं उत्तर. मार्कडाउनमध्ये एकदाच एंटर मारला तर नवी ओळ सुरू होत नाही. दोन ओळी सलग जोडल्या जातात. नवा परिच्छेद हवा तर मध्ये एक ओळ पूर्ण रिकामी सोडावी लागते. म्हणून तिन्ही दर एका रांगेत आले. आणि एका परिच्छेदात आल्यावर ८ पुढचा स्टार आणि पुढच्या मापातला १० नंतरचा स्टार यांची जोडी जमली. सॉफ्टवेअरला वाटलं, या दोघांमधला मजकूर तिरका करायचाय. स्टार गेले, मजकूर तिरका झाला. तिसरा स्टार एकटाच उरला, त्याला जोडीदार मिळाला नाही, म्हणून १२*१४ मात्र सहीसलामत. हे कोडं सुटलं तेव्हा मला हसूही आलं आणि लाजही वाटली.

उपाय तीन. पहिला आणि सगळ्यात चांगला: गुणाकारासाठी खरं × चिन्ह वापरा. फोनच्या कीबोर्डवर चिन्हांच्या पानांमध्ये शोधा, सापडतं. दुसरा: स्टारच हवा असेल तर त्याच्या आधी उलटी तिरपी रेघ द्या, असं: ८\*१०. म्हणजे सॉफ्टवेअरला कळतं, ही खूण नाही, हा खराच स्टार आहे. तिसरा: सरळ "८ बाय १०" लिहा. कारागिराच्या तोंडी तेच असतं.

आणि दर कायम यादीत लिहा. प्रत्येक ओळीपुढे डॅश:

## कापडी पिशव्या – दरपत्रक

किमान ऑर्डर ५० नग

- ८ × १० इंच – १२ रुपये
- १० × १२ इंच – १५ रुपये
- १२ × १४ इंच – २० रुपये

हे कच्च्या रूपात वाचा. कुठलंही सॉफ्टवेअर नसलं, साध्या नोटपॅडमध्ये उघडलं, तरी कळतंय ना? ग्रुबर यांना हेच हवं होतं.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी

इंग्रजीतले धडे वाचून शिकायला गेलं तर काही गोष्टी कोणी सांगत नाही, कारण त्यांना त्या अडचणी येतच नाहीत.

पहिली अडचण आकड्यांची. क्रमांकाची यादी करायला तुम्ही मराठी आकडा लिहून टिंब दिलं, १. २. ३. असं, तर मार्कडाउनला ती यादी वाटतच नाही. त्याच्या नियमात फक्त इंग्रजी आकडे आहेत. मग सगळे मुद्दे एका परिच्छेदात गोळा होतात. आपल्याकडे रेशीम कोषाचं काम करणारे बरेच आहेत, जालन्यात कोषाची बाजारपेठ आहे. चॉकी केंद्र चालवणारा एखादा तरुण शेतकऱ्यांना सूचना पाठवतो: आधी शेड निर्जंतुक करा, मग रॅक, मग अळ्या आणा, मग पाला. यात क्रमालाच महत्त्व आहे. क्रम मोडून सगळा गोळा झाला तर शेतकरी वाचेल, पण करताना गोंधळेल. त्यामुळे यादीचा आकडा इंग्रजीत टाका. बाकी मजकुरात मराठी आकडे खुशाल राहू द्या.

दुसरी गंमत प्रत्ययांची. इंग्रजीत शब्द सुटा असतो. आपण "मोसंबीचा", "मोसंबीला" असं चिकटवून लिहितो. फक्त 'मोसंबी' ठळक करून प्रत्यय बाहेर ठेवायचा मोह होतो. तिरक्यासाठी स्टारऐवजी खालची रेघ, म्हणजे अंडरस्कोर, वापरूनही चालतं. पण त्यानंतर लगेच अक्षर आलं तर मार्कडाउन ती खूण मानत नाही आणि रेघा तशाच दिसतात. शब्दाभोवती अवतरणचिन्ह असेल आणि बाहेर प्रत्यय असेल तर स्टारसुद्धा फसतो. मी सोपा नियम केलाय: अख्खा शब्द, प्रत्ययासकट, खुणेच्या आत. आणि खूण कायम स्टारची.

तिसरी अडचण जुनी आणि सगळ्यात महागाची: फॉन्ट. कित्येकांच्या पेनड्राइव्हमध्ये दहा-पंधरा वर्षांपूर्वी डीटीपीवाल्याकडून करून घेतलेली माहितीपत्रकं आहेत. ती फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडा, इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. कारण त्या फाइलमध्ये मराठी अक्षरं कधी नव्हतीच. इंग्रजी अक्षरांच्या जागेवर मराठी चित्रं बसवली होती, फॉन्ट गेला की चित्र गेलं. युनिकोडचं तसं नाही. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासूनच युनिकोडमध्ये देवनागरीला स्वतःची जागा आहे, तिथं 'क' हा 'क'च असतो. मार्कडाउनची सगळी कमाल युनिकोड मजकुरावरच चालते. तुमचा मजकूर कुठला आहे ते कसं ओळखायचं? एक ओळ कॉपी करा आणि व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवा. मराठी दिसली तर युनिकोड. खिचडी दिसली तर आधी तो मजकूर बदलून घ्या किंवा नव्यानं टाइप करा. शक्य तितक्या लवकर करा, कारण तो फॉन्ट असलेला जुना कॉम्प्युटर एक दिवस बंद पडणारच.

चॅटबॉटनं दिलेला मजकूर

खरं तर या लेखाची घाई मला यामुळं झाली. हल्ली बॅचमधली निम्मी मंडळी जाहिरातीचा मजकूर चॅटजीपीटीसारख्या चॅटबॉटकडून लिहून घेतात. चांगलंच आहे. पण तो उत्तर देताना मार्कडाउनच्या खुणा वापरतो. त्याच्या स्क्रीनवर त्या नीट दिसतात, आणि आपण कॉपी करून व्हॉट्सॲपवर टाकतो तेव्हा तिथं ### आणि जोडीजोडीनं स्टार लटकताना दिसतात. गेल्या दिवाळीत मला फराळाच्या ऑर्डरसाठी असे पाच-सहा मेसेज आले. चकलीच्या आधी दोन स्टार, चकलीनंतर दोन स्टार. घरगुती चव लिहिलंय आणि मेसेज मशीनचा दिसतोय. गिऱ्हाईक काही बोलत नाही, पण त्याला कळतं.

फरक लक्षात ठेवायला सोपा आहे. मार्कडाउनमध्ये ठळकसाठी दोन स्टार, व्हॉट्सॲपमध्ये एक. मार्कडाउनमध्ये # म्हणजे शीर्षक. व्हॉट्सॲपवर शीर्षक ठळक करून वेगळ्या ओळीत लिहा. टेलिग्रामवर पुन्हा दोन स्टार. आणि दर उतरवायचा असेल, म्हणजे दुकानदारीतलं मार्कडाउन, तर जुना दर खोडलेला दाखवायला व्हॉट्सॲपवर त्याच्या दोन्ही बाजूंना एक-एक ~ चिन्ह, वेब पानांवर बहुतेक ठिकाणी दोन-दोन. ~१५~ १२ असं पाठवलं की गिऱ्हाइकाला सूट डोळ्यांनी दिसते. फक्त सूट खरी असू द्या, आधी दर चढवून मग खोडू नका, जालन्याचं गिऱ्हाईक बाजार फिरून आलेलं असतं.

चॅटबॉटलाच सांगा, "व्हॉट्सॲपच्या खुणांमध्ये दे", तो बहुतेक वेळा देतो. तरीही पाठवायच्या आधी एकदा स्वतःला पाठवून बघा.

एकच फाइल, अनेक जागा

तुमचं दरपत्रक आज किती ठिकाणी आहे मोजा. व्हॉट्सॲपच्या क्विक रिप्लायमध्ये एक, फेसबुक पेजवर एक, डीटीपीवाल्याकडे एक, प्रदर्शनात वाटायच्या कागदावर एक. दर बदलला की चार ठिकाणी बदलायचा, आणि एक ठिकाण हमखास राहतं. नेमकं तेच जुनं दरपत्रक घेऊन गिऱ्हाईक दारात उभं राहतं.

त्यापेक्षा मूळ मजकूर एकाच साध्या फाइलमध्ये ठेवा, मार्कडाउनच्या खुणांसकट. ही फाइल आकारानं चिमुकली असते, कुठल्याही फोनवर उघडते, तिला कुठल्या कंपनीचं वर्गणीचं सॉफ्टवेअर लागत नाही. गूगल डॉक्समध्ये २०२४ पासून मार्कडाउनचा मजकूर आणता येतो आणि डॉक्युमेंट मार्कडाउन म्हणून उतरवूनही घेता येतं. कॉम्प्युटरवर टूल्समधल्या प्रेफरन्सेसमध्ये मार्कडाउनचा पर्याय चालू करा. ज्याला कॉम्प्युटरची आवड आहे त्यानं पॅनडॉक हे मोफत साधन बघावं. त्याच एका फाइलपासून वर्ड, वेब पान, ई-बुक काय हवं ते निघतं.

एक सावधगिरी. सगळी सॉफ्टवेअरं खुणांचा अर्थ हुबेहूब सारखा लावत नाहीत. ग्रुबर यांच्या मूळ वर्णनात बऱ्याच जागा मोघम होत्या, म्हणून २०१४ मध्ये काही जणांनी 'कॉमनमार्क' नावानं काटेकोर नियम लिहिले. तक्ता काढायची उभ्या रेघांची खूणही मूळच्या मार्कडाउनमध्ये नाही, नंतर आली, काही ठिकाणी चालते, काही ठिकाणी नाही. व्हॉट्सॲपवर तर तक्ता विसराच. देवनागरीत जागा देऊन रांगा जुळवायच्या भानगडीत पडू नका, तुमच्या फोनवर जुळलेली रांग समोरच्याच्या फोनवर वाकडी होते. डॅशची यादी बरी.

हेही सांगून ठेवतो, की प्रत्येक कामाला हे वापरायचं नाही. पाकिटावरचं लेबल, फ्लेक्स, पत्रिका ही डिझाइनरची कामं, तिथं पैसे द्या. हिशेब एक्सेलमध्ये किंवा वहीत. मार्कडाउन आहे शब्दांसाठी: दरपत्रक, वापरायच्या सूचना, पाककृती, गटाच्या बैठकीचं इतिवृत्त, बँकेला द्यायच्या प्रकल्प अहवालाचा कच्चा मसुदा. या सगळ्याला आधी मजकूर लागतो, नटवणं नंतर.

सरावासाठी आज रात्रीच एक काम करा. तुमचं चालू दरपत्रक काढा. त्यात किती स्टार आहेत ते बघा. मापात असतील तर × करा. सटरफटर इमोजी काढा, दर यादीत लिहा, वर एक शीर्षक आणि खाली तारीख टाका. तारीख नसलेलं दरपत्रक म्हणजे उधारीची तोंडी वही.

ताईंच्या त्या तीनशे पिशव्यांचं काय झालं ते राहिलंच. त्या डिसेंबरात परत आल्या होत्या. संक्रांतीला गटातल्या एका बाईनं डोकं चालवलं, हळदी-कुंकवाच्या वाणासाठी एकेक डझन विकायला काढल्या. आठ बाय दहाची पिशवी त्या कामाला अगदी बेताची होती. फेब्रुवारीपर्यंत चाळीस-एक उरल्या, त्या गटानंच वाटून घेतल्या. साडीवाल्यालाही नंतर बारा बाय चौदाच्या पाठवल्या, त्यानं घेतल्या.

वेब पान आता ताई स्वतःच बदलतात. मी मागच्या आठवड्यात उघडून बघितलं. × चिन्ह कुठंच नव्हतं. मी फोन केला तर म्हणाल्या, "सर, ते चिन्ह शोधत बसायला वेळ कुणाला आहे? मी सरळ 'बाय' लिहिते."